बोटवाल्यांची पन्नास मिनिटं

आमच्या ह्यांना एका जागी पन्नास मिनिटं बसवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. चहाचा कप हातात घेतील, खिडकीशी जातील, तिथून दाराशी, आणि मग कप कुठे ठेवला म्हणून मलाच विचारतील. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण हा माणूस निवांत टेकलाय असं मी आजारपण सोडून कधी पाहिलेलं नाही. आणि लेकीने माझ्यावर नेमकं तेच काम सोपवलं होतं.

लेक नाचते. नाचते म्हटलं की लोक विचारतात, कुठला नाच? तिथे माझी पंचाईत होते. झगमगीत कपडे नाहीत, गाणं नाही, कधीकधी तर नाचही नाही. मागच्या वेळी आम्हाला बोलावलं होतं तेव्हा सहा जण अर्धा तास जमिनीवर सरपटत होते आणि एक जण भिंतीला कान लावून उभा होता. हे दहाव्या मिनिटाला उठले. जरा हवा खाऊन येतो म्हणाले, ते थेट घरी. लेकीने नाचता नाचता पाहिलं होतं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून घेतले असते. ती दोन वर्षं त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही.

मग परवा आली, माझ्या शिलाई मशीनपाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, या वेळी बाबा मधेच उठून गेले तर मी परत बोलावणार नाही. रागाने नाही सांगत. मला ते सारखं दाराकडे बघत नाचणं झेपत नाही." हे आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळलं.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. हे एका लोखंडाच्या यार्डात होते, सव्वीस वर्षं. क्रेनखाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे काम. वर काचेच्या पेटीत बसलेल्याला खालचं काही नीट दिसत नाही, ऐकू तर मुळीच येत नाही. त्याला दिसतो फक्त खालच्या माणसाचा हात. कोपरातून हात उभा, एक बोट वर आणि बारीक गोल, म्हणजे उचल. हात खाली, बोट जमिनीकडे आणि तसंच गोल, म्हणजे उतरव. फिरत्या बोटावर दुसरा पंजा आडवा धरला की सावकाश. एवढाल्या गर्डरचे भारे ह्यांच्या एका बोटावर चढायचे आणि उतरायचे. यार्डात ह्यांना सगळे बोटवाले म्हणत. घरीसुद्धा तेच. जिन्यातून कपाट चढवताना तोंडाने एक शब्द नाही, सगळं बोटाने. माझ्या भावाने वैतागून कपाट तिथेच सोडलं होतं आणि म्हणाला होता, भाऊजी, मी माणूस आहे, यंत्र नाही.

ह्यांचा जोडीदार म्हणजे साखळीवाले भाऊजी. भाऱ्याला साखळी बांधायची आणि सोडायची, हे त्यांचं काम. एकाने बांधायचं, दुसऱ्याने उचलायला सांगायचं. अठरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले. आमची लेक लहानपणी शाळेतून थेट यार्डाच्या फाटकाशी जायची आणि जाळीतून ह्यांचा हात बघत उभी राहायची. भाऊजी तिला भिंगरी म्हणायचे, कारण तिचा पाय कधी जमिनीवर ठरायचा नाही. बापावर गेली होती.

नऊ वर्षांपूर्वी भाऊजींचा पाय गेला. भारा वर चढताना एका बाजूने कलला. साखळी सरळ करायला भाऊजी खाली गेले. ह्यांनी दोन्ही हात पसरून थांबवायची खूण केली, पण मागे माल चढवायच्या धक्क्यावर साहेब उभे होते, ट्रेलर खोळंबला होता, त्यांनी बोट वर फिरवलं. क्रेनवाल्याने साहेबांचा हात पाहिला आणि भारा उचलला. साखळी सुटली. चौकशी झाली, साहेबांची बदली झाली, क्रेनवाल्याला घरी बसवलं, आणि ह्यांच्यावर काही ठपका आला नाही. मला तरी एवढंच माहीत होतं.

त्यानंतर ह्यांनी कोठारात काम मागून घेतलं. खिळे मोजायचे, पत्रे मोजायचे. भाऊजींना बघायला दवाखान्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा खोलीच्या दारातून परत आले. भाऊजींकडून निरोप यायचे, की ये एकदा. हे म्हणायचे, जाईन. जाईन जाईन करत नऊ वर्षं गेली, निवृत्तसुद्धा झाले, पण पाऊल काही तिकडे वळलं नाही. मी म्हणायची, जोडीदाराचे हाल बघवत नाहीत ह्यांना. मन हळवं आहे. मी भेटेल त्याला हेच सांगत होते.

तर लेकीचा हा कार्यक्रम. पाच महिने ती तयारी करत होती आणि सुरुवातीलाच तिने ह्यांना विचारलं होतं की बाबा, तुमच्या खुणा मला नीट शिकवाल का. हे म्हणाले, विसरलो. साफ खोटं. झोपेतसुद्धा ह्यांचं बोट फिरतं, मी शेजारी असते, मला माहीत आहे. लेकीने पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडून मात्र सात राखाडी विजारी आखूड करून घेतल्या आणि एक भलंमोठं गाठोडं शिवून घेतलं, जाड कापडाचं, आत माझ्याच शिवणाची कात्रणं आणि भुसा. कशाला हवंय म्हटलं, तर म्हणाली, बघशीलच.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता, पन्नास मिनिटांचा. जागा म्हणजे एक जुनं गोदाम. वर लोखंडी तुळई, तिला कप्पी, कप्पीतून दोर, दोराला माझं ते गाठोडं. तिन्ही बाजूंनी बाकडी, मधे मोकळी फरशी. पाठ टेकायला काही नाही. मी मनात म्हटलं, झालं, ह्यांना निमित्तच मिळालं. हे बसायच्या आधीच वर बघत होते. वजन किती असेल, दोर कुठून गेलाय, गाठ कोणी मारली. मी म्हटलं, अहो, नाच बघायला आलोय, तपासणीला नाही. तर म्हणाले, त्या गाठीखाली मी कुत्र्यालाही उभं करणार नाही.

मग एक मुलगी पुढे आली आणि प्रेक्षकांना म्हणाली, "या प्रयोगात एकच नियम आहे. कोणीही दोन्ही हात पसरले की सगळे थांबतील. ज्याने थांबवलं, त्यानेच पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या कोणी सुरू करायचं नाही."

ह्यांनी माझ्याकडे झटकन मान वळवली. हा आमच्या यार्डाचा नियम आहे, म्हणाले. झाडणाऱ्या बाईने जरी हात पसरले तरी क्रेन थांबलीच पाहिजे. हिला कोणी सांगितला? मी म्हटलं, मला काय विचारता, मी विजारी शिवल्या. पण ह्यांचा गुडघा आता हलायला लागला होता आणि आख्खं बाकडं त्याच्याबरोबर हलत होतं. पलीकडच्या बाईने दोनदा वाकून पाहिलं.

लेक आली. कमरेला जाड पट्टा, पट्ट्यातून दोराचं दुसरं टोक. म्हणजे क्रेन तीच होती. बाकीचे सहा जण फरशीवर पसरले आणि एकेक जण खूण करायला लागला. एकाचं बोट वर, की लेक मागे रेलायची आणि गाठोडं चढायचं. बोट खाली, की ती पाऊल पाऊल पुढे यायची आणि गाठोडं उतरायचं. बोटावरून मनगट, मनगटावरून खांदा, मग सगळं अंगच फिरायला लागायचं. गाणं नव्हतं, फक्त पायांचा आवाज आणि कप्पीची करकर. मला, खरं सांगते, या वेळी आवडत होतं. पण आवडायला सवड कुठे होती? माझा एक डोळा लेकीवर, एक ह्यांच्यावर. हे कार्यक्रमाच्या कागदाची पुंगळी करत होते, उलगडत होते, परत करत होते. मनगट चुकलं, पुटपुटले. मग थोड्या वेळाने म्हणाले, नाही, बरोबर आहे, ही खूण डावखुऱ्याने शिकवलीय.

आणि म्हणता म्हणता त्यांच्या हातातली पुंगळी थांबली. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. समोरच्या बाकड्यावर साखळीवाले भाऊजी बसले होते. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, पण ती डावी भुवई वर करून बघायची सवय तीच. भाऊजी डावखुरे. पाच महिने लेक कुठे जात होती, ते माझ्या तेव्हा डोक्यात आलं. बापाने शिकवलं नाही म्हणून पोरीने त्याच्या जोडीदाराकडे जाऊन शिकून घेतलं, आणि मला, आईला, पत्ता लागू दिला नाही.

हे उठायला लागले. मी त्यांच्या शर्टाचं टोक धरलं आणि खाली ओढलं. कानाशी म्हटलं, आता उठलात तर पोरगी गेली म्हणून समजा. ते बसले. पण कसलं बसणं ते! घाम कपाळावरून भुवयांत उतरत होता. मी घड्याळ बघितलं, अजून निम्माही वेळ झाला नव्हता. भाऊजी आमच्याकडे बघत नव्हते, की बघूनही न बघितल्यासारखं करत होते, देव जाणे. 

फरशीवर आता वेगळंच सुरू झालं. एक मुलगा गाठोड्याच्या बरोब्बर खाली जाऊन आडवा झाला. एक उंच मुलगी त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले, तळवे जमिनीकडे. सगळे थांबले. मग तिच्या मागे एक जण बाकड्यावर चढला आणि त्याने बोट वर करून गोल फिरवायला सुरुवात केली. त्याने नियम मोडला होता. लेकीने मागे रेलायला घेतलं. गाठोडं इंच इंच चढत होतं. उंच मुलीचे हात तसेच. बोट जोरात फिरतंय, गाठोडं वर जातंय, आणि तिचे हात मात्र तसूभर हलत नाहीत. तोंडावर असा काही ठामपणा, की माझेच डोळे भरून आले. ही उंच मुलगी म्हणजे हेच, लेकीने बापाला किती मानाने दाखवलंय, असं मला वाटलं. मी अभिमानाने ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांचा चेहरा पार उतरला होता. खोटं आहे, म्हणाले. मी म्हटलं, हळू बोला. पुन्हा म्हणाले, खोटं आहे हे. आणि उठले.

मी शर्ट धरायला गेले तर शर्ट हातातून सुटला. संपलं सगळं, मी मनात म्हटलं, आता दार. पण ते दाराकडे गेलेच नाहीत. दोन पावलं पुढे फरशीवर गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. नऊ वर्षांत मी त्यांना हात असे उचलताना पाहिलं नव्हतं.

सगळे थांबले. नियमच होता तो. बाकड्यावरच्या मुलाचं बोट हवेत थांबलं, लेक रेललेल्या अवस्थेत थांबली, दोर ताणलेला. कप्पीची करकरही बंद. प्रेक्षकांना वाटलं, हे त्यातलंच आहे, आणि दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दाराशी उभा असलेला गोदामाचा व्यवस्थापक ह्यांना खाली बसायच्या खुणा करत होता, एकदा, दोनदा, मग हातवारे करून. मीही मागून हळू आवाजात म्हणत होते, अहो, या इकडे, ते गाठोडं माझंच आहे, आत चिंध्या आहेत. हे कोणाचंच ऐकत नव्हते. हात काही खाली येत नव्हते.

लेक जागची हलली नाही. कशी हलेल? ज्याने थांबवलं त्यानेच सुरू करायचं. ती सगळं वजन पट्ट्यावर घेऊन नुसती बापाकडे बघत होती. मिनिट गेलं, दुसरं गेलं. 

मग हे बोलले. समोर भाऊजींकडे बघून, मोठ्याने नाही, पण त्या गोदामात सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे असं झालं नव्हतं. साहेबांचा हात वर दिसला आणि मी माझे हात खाली घेतले."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. क्रेनवाल्याने साहेबांचं ऐकलं कारण खाली थांब म्हणणारा हातच उरला नव्हता. त्या क्रेनवाल्याला घरी बसवलं. चौकशीत ह्यांनी सांगितलं की हात पसरलेलेच होते. आणि मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत फिरले की ह्यांचं मन हळवं आहे. संताप आला मला. भीतीही वाटली, दयाही आली, पण आधी संताप. एका छपराखाली झोपतो आपण, एका भांड्यातलं पाणी पितो, आणि हे सांगायला ह्यांना माझ्या हाताने शिवलेल्या राखाडी विजारींतली सात पोरं मिळाली. मला एकदा सांगता आलं नसतं?

भाऊजींनी हनुवटी खाजवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला ना राग दिसला, ना नवल.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मी खाली होतो. तुझ्याकडेच बघत होतो."

ह्यांचे हात अजून पसरलेलेच.  "मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू येशील, तेव्हा बोलू. तू आलाच नाहीस."

एवढंच. लेकीने डोळे मिटून घेतले होते. तिला हे माहीत नव्हतं, तिच्याकडे बघून कळत होतं. भाऊजींनी तिला पाच महिन्यांत खुणा शिकवल्या, नियम शिकवला, त्या दिवसाची हकिगतही सांगितली, आणि तिच्या बापाचे हात मात्र तेवढे पसरलेलेच ठेवले होते. पट्ट्याखाली तिचं अंग आता दिसण्याइतकं कापत होतं. चिंध्या झाल्या म्हणून काय, वजन ते वजनच, आणि ते धरून ती किती वेळ उभी होती.

"बोटवाल्या," भाऊजी म्हणाले, "आता ते खाली घे. पोरीची कंबर भरून आलीय."

ह्यांनी लेकीकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे. मग आधी खाली आडव्या पडलेल्या मुलापाशी गेले, त्याला खांद्याला धरून उठवलं आणि बाजूला केलं. वर बघितलं, खाली बघितलं, जागा मोकळी आहे याची खात्री केली. मग उजवा हात खाली नेला, बोट जमिनीकडे केलं, त्याच्यावर डावा पंजा आडवा धरला आणि बोट फिरवायला लागले. सावकाश. लेक पाऊल पाऊल पुढे आली. गाठोडं टेकलं तेव्हा भुशाचा बारीक आवाज झाला.

लेकीने मनगटाने नाक पुसलं. म्हणाली, "बाबा, अजून वीस मिनिटं आहेत. बसा."

ते वळले. मी माझ्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्यांना जागा व्हावी म्हणून. पण ते माझ्याकडे आले नाहीत. समोर गेले. भाऊजींनी खोटा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ओढला आणि बाकड्यावर सरकले. हे त्यांच्या शेजारी बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. मी इकडे एकटीच बसले होते आणि डोळ्यांतल्या पाण्याने मला काही म्हणता काही दिसत नव्हतं.